साडेनऊ ते साडेदहा, स्वयंपाकघरात

घराच्या विक्रीचं क्लोजिंग, म्हणजे शेवटच्या सह्यांची बैठक, कुठे आणि कधी करायची, याबाबत लोर्नाचे नियम पक्के आहेत. आमच्या कचेरीत, गोल टेबलाशी, मंगळवार ते गुरुवार, सकाळी दहा किंवा दुपारी दोन. शुक्रवारी नाही, कारण शुक्रवारी एखादी सही राहून गेली तर नोंदणीची खिडकी सोमवारीच उघडते आणि तोवर घर कुणाचं यावरून भांडणं होतात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी नाही, कारण त्या दिवशी सगळं गावच सह्या करत असतं. आणि विकणाऱ्याच्या घरी तर कधीच नाही.

"आपल्याच खुर्चीत बसलेल्या माणसाला घर विकवत नाही, इंग्रिड," ती म्हणते. "त्याला आपली ती टोचरी खुर्ची दे, बघ कसा झरझर सह्या करतो."

चार वर्षं झाली मी तिच्याकडे काम करते. काम सरळ आहे. घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला समोरासमोर बसवायचं, ओळखपत्रं बघायची, एकेक कागद पुढे सरकवायचा, सह्या झाल्या की नोटरीचा शिक्का मारायचा. शेवटी विकणारा किल्ल्या टेबलावर ठेवतो, आणि मी दर वेळी तेच दोन प्रश्न विचारते. "सगळ्या आहेत?" आणि मग जरा थांबून, "आणि दुसरा जोड?" दुसरा जोड असतोच. कुणाच्या खिशात असतो, कुणाच्या कुंडीखाली. लोक लबाड असतात म्हणून नव्हे, हातातून सुटत नाही म्हणून.

मार्चमध्ये रेनो कोस्केलांचा फोन आला.

"क्लोजिंग माझ्या स्वयंपाकघरात होईल," ते म्हणाले. "गुरुवारी. साडेनऊ ते साडेदहा."

"मिस्टर कोस्केला, आमच्याकडे कचेरीतच..."

"साडेदहानंतर नाही." फोन बंद.

रेनो एक्क्याऐंशी वर्षांचे. लोखंडाचं खनिज बोटीत भरायच्या धक्क्यावर चाळीस वर्षं नोकरी केलेले. घर टेकडीच्या माथ्यावर, जिथून सगळं सरोवर दिसतं. त्यांची बायको एल्वी वर्षभरापासून टेकडीपलीकडच्या शुश्रूषागृहात होती. तिथल्याच शेजारच्या इमारतीत रेनोंनी स्वतःसाठी एक खोली धरली होती. ती खोली त्यांच्यासाठी त्या आठवड्याअखेरपर्यंतच राखलेली होती, आणि घर विकल्याशिवाय ती त्यांना मिळणार नव्हती. एवढं मला कागदांवरून माहीत होतं.

दहा मिनिटांत त्यांच्या मुलीचा फोन आला. ट्रिना.

"बाबांचं ऐकू नका. कचेरीतच ठेवा, चार वाजता, मी तेव्हा कामावरून सुटते. स्वयंपाकघर काय! काहीतरी लपवताहेत ते माझ्यापासून."

"काय लपवतील?"

"ते कळलं असतं तर फोन केला असता का? पत्रं मला उघडू देत नाहीत. घरातले सगळे दिवे बदललेत, डोळे दिपतील असे लावलेत. मी गेले की टीव्ही बंद करून बसतात. मला तर वाटतं कुणी बाई आहे."

"एक्क्याऐंशीव्या वर्षी?"

"तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही."

मग गॉर्डी आला. गॉर्डी घर घेणाऱ्या नोरीनचा दलाल, आणि फोनवर बोलणं त्याला कधी पुरत नाही. तो येऊन माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला.

"साडेदहानंतर त्या घरात काय होतं, इंग्रिड? सांग बघू."

"काय होतं?"

"तळघरात पाणी! सकाळी सगळं गोठलेलं असतं, कोरडं ठणठणीत. दुपारी बर्फ वितळलं की झिरपायला लागतं. म्हातारा काही भोळा नाही. नोरीनला मी सांगून ठेवलंय, सहीच्या आधी तळघरात लोळून बघ."

मलाही ते पटलं, खोटं कशाला सांगू.

"दोन माणसं, दोन संशय," लोर्ना म्हणाली. "जाऊन बघून ये. टेबल डुगडुगतं का, कुत्रं आहे का, आणि म्हातारा भानावर आहे का."

बुधवारी सकाळी गेले. माझ्या ओटोला सर्दी होती, म्हणून बेव्हने त्याला सांभाळायला घेतलं नाही. तिचं पाळणाघर त्याच चढावर आहे, अर्ध्या वाटेवर. आठ महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन कुणाची चौकशी करायला जाणं म्हणजे चोराने घुंगरू बांधून जाण्यासारखं. पण इलाज नव्हता.

रेनोंच्या फाटकापाशी टपालपेटीचा खांब तिरका झाला होता. लाकूड ताजं सोललेलं, आणि त्यावर हिरवा रंग घासलेला. गराजमध्ये त्यांची पिकअप उभी होती. हिरवी.

"ये पोरी, कॉफी तयार आहे." दार उघडत ते म्हणाले. माझ्याकडे नाही, माझ्या कानाकडे बघून.

आमच्या धंद्यात नजरेला नजर न देणारा माणूस लगेच लक्षात येतो. मी टेबलाशी बसले आणि नुसती बघत राहिले. शेगडीच्या बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके. फळीवरच्या डब्यांना रबरबँड गुंडाळलेले. एका डब्याला एक, एकाला दोन, पुढे तीन, चार. दोन रबरांच्या डब्यातून त्यांनी कॉफी काढली, डब्याकडे न बघता. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं होतं, नेमकं टेबलावर, आणि त्या उन्हात एक मोठं भिंग ठेवलेलं होतं.

ओटो त्यांच्याकडे बघून हसला. खालचे दोन दात दाखवून, सगळं अंग हलवून हसला. या पोराच्या हसण्यावर अजून कुणी गप्प राहिलेलं मी पाहिलेलं नाही. दुकानातले अनोळखी लोक हसतात, पोलीस हसतात. रेनो हसले नाहीत. वेलदोड्याचा पाव कापत राहिले.

मग ओटो किंचाळला, आणि सुरी थांबली. "अरेच्चा! तूपण आलायस का?" आणि चेहरा उजळला.

पुढे मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. एक ढग आला, टेबलावरचं ऊन गेलं. मी पिशवीतून खरेदीखताचा मसुदा काढला आणि उलटा त्यांच्यापुढे ठेवला.

ते वाकले. भिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. "हं," म्हणाले. "ठीक दिसतंय."

"कागद उलटा आहे, मिस्टर कोस्केला."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हे तुला आईने शिकवलं का?"

"नाही. आत्ताच शिकले. माफ करा."

"माफ कसलं करायचं. मीही हेच केलं असतं." त्यांनी खुर्ची ओढली. "नजरेच्या मधोमध भोक पडलंय. तुझे कान दिसतात, टोपी दिसते, चेहऱ्याच्या जागी धूर. ऊन साडेनऊला या टेबलावर येतं आणि साडेदहाला पाण्याच्या टाकीमागे जातं. तेवढ्या वेळात भिंगाखाली अक्षर सापडतं. एकेक."

म्हणजे बाई नाही, तळघर नाही. ऊन.

"एवढंच ना?" मी म्हणाले. "मी वाचून दाखवते. कायद्याला चालतं. न दिसणाऱ्या माणसालाही घर विकता येतं."

"माझ्या वडिलांनाही वाचून दाखवलं होतं." रेनो आवाज न चढवता म्हणाले. "त्यांना इंग्रजी यायचं नाही. खाणवाल्यांचा कारकून घरी आला, याच टेबलाशी बसला. म्हणाला, तुमच्या रानातून रस्ता न्यायचाय, त्याचं भाडं देऊ. वाचून दाखवलं, सही घेतली. वसंत ऋतूत कुंपण पडलं तेव्हा कळलं, रान विकलंय. त्या दिवसापासून या घरात न वाचता कुणी सही केलेली नाही. मी चाळीस वर्षं धक्क्यावर पगाराची पावतीसुद्धा वाचून घेतली. लोक हसायचे."

"ट्रिना वाचेल की."

"ट्रिनाला कळलं की पिकअपची किल्ली गेली. मग दुपारी बाराला एल्वीला कोण भरवणार? ती माझ्याच हातून खाते. दुसऱ्याने चमचा धरला की तोंड मिटून घेते."

मला हे ठाऊक होतं. ओटोही असंच करतो. पण दुसरंही काही ठाऊक होतं.

"तुम्ही रोज या उतारावरून गाडी नेता? बेव्हच्या दारावरून?"

"हळू नेतो."

"आणि टपालपेटी?"

"ती मध्ये आली."

मला हसू आलं नाही. मी ओटोचं डोकं छातीशी धरलं आणि सौदा केला. उद्या ऊन असताना, याच टेबलाशी, साडेनऊला. तोवर मी कुणाला काही सांगणार नाही, आणि ते पिकअपला हात लावणार नाहीत. आज दुपारी एल्वीकडे मी नेते. त्यांनी शब्द दिला.

दुपारी मी शुश्रूषागृहाच्या दाराशी ओटोला घेऊन उभी राहिले. रेनोंनी डाव्या हाताचं बोट एल्वीच्या हनुवटीवर ठेवलं आणि त्या बोटाच्या अंदाजाने चमचा तोंडाशी नेला. एक थेंब सांडला नाही. मला घरी जाऊन तसं करून बघावंसं वाटलं, डोळे मिटून.

गुरुवारी पहाटे पडदा सरकवला आणि सरोवर नव्हतं. नुसतं धुकं. रात्रीतून चार बोटं बर्फ पडलेलं.

मी गॉर्डीला फोन लावला. "पुढे ढकलू या का?"

"कशाला? बँकेने नोरीनला ठरवून दिलेला व्याजदर उद्या संपतो. आणि लोर्ना शुक्रवारी करते का? काय चाललंय, इंग्रिड? तुलाही त्याने फितवलं की काय?"

ट्रिनाने सकाळची रजा काढली होती. जावंच लागलं.

चढावर ताज्या बर्फात चाकांच्या खुणा होत्या. खाली गेलेल्या, परत वर आलेल्या. एका जागी त्या रस्ता सोडून बेव्हच्या अंगणाच्या कडेवरून गेल्या होत्या. मी गाडी थांबवली, उतरले. ते चाक जिथे उमटलं होतं तिथे उन्हाळ्यात मुलांना खेळायला वाळू भरलेलं खोकं असतं. मागे वळून बेव्हच्या खिडकीकडे बघितलं. आत ओटो होता, सर्दी उतरली म्हणून मी आत्ताच सोडलेला.

रेनोंच्या टेबलावर बेकरीचा ताजा पाव होता. "सकाळी आणला," ते अभिमानाने म्हणाले. "पाहुण्यांसमोर शिळा कसा ठेवायचा?" मी कोट काढला आणि पावाकडे न बघता कागद मांडले.

बाहेरच्या खोलीत खोकी रचलेली होती. सामान न्यायला माणसं संध्याकाळी येणार होती. स्वयंपाकघर तेवढं शेवटपर्यंत तसंच ठेवलेलं. गॉर्डी आणि नोरीन तळघरातून वर आले. नोरीन टपाल कचेरीत पत्रं लावायचं काम करते, फारशी बोलत नाही. तिच्या गुडघ्यांना धूळ लागली होती.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

"आत्ता," गॉर्डी म्हणाला आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली.

साडेनऊ वाजले. खिडकी दुधासारखी पांढरी. रेनोंनी सगळे दिवे लावले, पण दिव्यांनी कागद नुसता चकाकत होता. ते भिंग घेऊन वाकले. एक मिनिट गेलं. दोन. गॉर्डीने घड्याळ बघितलं.

"बाबा, काय शोधताय?" ट्रिना म्हणाली.

मला राग होता, तरी बघवेना. "आमच्या नियमाप्रमाणे," मी म्हणाले, "सगळे कागद मी मोठ्याने वाचून दाखवते."

रेनोंनी कान माझ्याकडे वळवला. "हा नियम कधीपासून?"

मी कागद सरळ करत राहिले.

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. हळूच ठेवलं, पण आवाज सगळ्यांना आला. "ट्रिना, मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"तुझा चेहरा. ऑगस्टपासून."

ट्रिनाने तोंडावर हात धरला. मग हात काढला आणि भलतंच बोलली. "नाताळात मी केस लाल केले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी किती दिवस फुगून बसले होते!"

"लाल?"

"लालभडक."

"मग दिसलं नाही तेच बरं झालं."

ती हसली आणि त्या हसण्यातच रडायला लागली. मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. लोर्नाचा आणखी एक नियम.

"आता वाचायचं," रेनो म्हणाले. "पण एकाने नाही. आधी तू, दलाला. मग माझी मुलगी. आणि तू, टपालवाली बाई, तू ओळीवर बोट ठेवून बस. मी म्हणेन ती ओळ परत वाचायची."

"मिस्टर कोस्केला, चौतीस पानं आहेत!"

"कॉफीही भरपूर आहे."

गॉर्डी वाचायला लागला. सुरुवातीला नीट, मग पुटपुटत, मग घसरत. चौथ्या पानावर नोरीन म्हणाली, "गॉर्डी, एक ओळ राहिली."

"कुठली?"

तिने वाचली. मागच्या अंगणातली सौना, ती वाफेच्या अंघोळीची खोली, चुलीसह आणि लाकडांच्या साठ्यासह, घराबरोबर जाईल.

गॉर्डीचे कान लाल झाले. "शपथ घेतो, डोळा चुकला. मुद्दाम नाही."

"माझ्या वडिलांच्या कागदातही एकच ओळ गळाली होती," रेनो म्हणाले. "सौना देतोय मी. ती मी बांधलीय, पण देतोय. फक्त मला ऐकू येऊ दे."

त्यानंतर गॉर्डीने असं वाचलं, की चर्चमध्येही कुणी वाचत नसेल. ट्रिनाने वाचलं, नोरीनने मध्येच हटकलं, रेनोंनी एक ओळ तीन वेळा, तीन आवाजांत वाचून घेतली. सव्वाअकरापर्यंत चाललं. मग मी कागदावर पट्टी आडवी धरली आणि त्यांनी पट्टीच्या कडेने सही केली. मोठी, ठसठशीत. मी शिक्का मारला.

मग किल्ल्या. पुढचं दार, मागचं दार, गराज, सौना. त्यांनी एकेक बोटांनी चाचपून टेबलावर मांडली.

"सगळ्या आहेत?"

"सगळ्या."

"आणि दुसरा जोड?"

दाराजवळच्या खिळ्यावरून त्यांनी दुसरा जोड काढून दिला. इथे माझं काम संपत होतं. लोर्ना असती तर कागद गोळा करून उठली असती.

"आणि पिकअपची?"

"पिकअप व्यवहारात नाहीये," गॉर्डी म्हणाला.

"नाहीच. पण आज सकाळी ती बेव्हच्या अंगणाच्या कडेवरून गेलीय. उन्हाळ्यात मुलांचं वाळूचं खोकं असतं, तिथून. माझा मुलगा आत्ता त्या घरात आहे."

ट्रिनाने बापाकडे बघितलं. रेनो माझ्या कानाकडे बघत होते. "तू शब्द दिला होतास, पोरी."

"तुम्हीही दिला होता. पावासाठी मोडलात."

रेनोंनी पँटच्या खिशात हात घातला आणि किल्ली टेबलावरून ट्रिनाच्या दिशेने सरकवली. ती थोडी लांब गेली. ट्रिनाने उठून घेतली.

"बारा वाजत आले," ती म्हणाली. "आईकडे मी नेते. उद्यापासून तर तुम्ही तिच्या शेजारच्याच इमारतीत असणार. आणि बाबा, चमचा कसा धरता ते मला शिकवा. कधी तुम्हाला सर्दी झाली तर?"

"तोंड मिटेल ती."

"मिटू दे. मी थांबेन."

सगळे उठायला लागले. मी उठले नाही. गेली चार वर्षं सवय आहे, काय करणार.

"मिस्टर कोस्केला," मी म्हणाले. "आणि दुसरा जोड?"

गॉर्डीने कपाळाला हात लावला. ट्रिना एका हातात कोट धरून तशीच थांबली. रेनो हसले नाहीत. उठले, फळीपाशी गेले, डब्यांवरून बोटं फिरवली. एक रबर. दोन. तीन रबरांचा डबा उघडून त्यांनी पिकअपची दुसरी किल्ली काढली आणि या वेळी नेमकी ट्रिनाच्या हातात ठेवली.

शेजारी चार रबरांचा डबा होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"त्यात गळ आहेत," माझ्याकडे पाठ करूनच रेनो म्हणाले. "मासे पकडायचे. बघ उघडून. मीही बघितलं असतं."

मी उघडून बघितला. गळच होते. लहानमोठे, मापाप्रमाणे लावलेले, प्रत्येकाच्या टोकावर कापसाचा बोळा.

"पाव ने पोरासाठी," ते म्हणाले.

मी नेला.